भारातला तोल

दोन लाल तबकड्यांपासून सुरुवात करू. २ मे २०२२. ग्रीसच्या क्रीट बेटावरचे हेराक्लिओन शहर, कनिष्ठ गटाची जागतिक भारोत्तोलन स्पर्धा, मुलींचा ४५ किलो वजनगट. चार मीटर लांब आणि तितक्याच रुंद चौथऱ्यावर एक पोलादी बार आडवा ठेवलेला आहे. मुलींचा बार १५ किलोंचा असतो; जाडी अवघी २५ मिलिमीटर, मुठीत सहज मावेल अशी. तबकड्या सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना अडीच-अडीच किलोंच्या कॉलरी. झाले वीस. या खेळात प्रत्येक वजनाला त्याचा रंग नेमून दिलेला आहे. पंचवीस किलोंना लाल, विसाला निळा, पंधराला पिवळा, दहाला हिरवा. एकेका टोकाला एकच लाल तबकडी चढवली की बरोबर सत्तर किलो होतात. शेजारी एखादी छोटी चकती नाही, अर्ध्या किलोची भर नाही. सत्तरचा बार म्हणूनच डोळ्यांना फार सुबक दिसतो, दोन टोकांना एकेकच माणिक जडवलेल्या दागिन्यासारखा. त्या बाराखाली गेलेली मुलगी अठरा वर्षांची होती, वजनाने पंचेचाळीस किलोंच्या आतली होती आणि मावळातली होती. हर्षदा शरद गरुड, वडगाव मावळ.

लोणावळ्याहून पुण्याची लोकल धरली, की मळवली, कामशेत, कान्हे आणि मग वडगाव. डाव्या-उजव्या हाताला डोंगर, मधे भाताची खाचरे, पावसाळ्यात सगळे एकाच हिरव्या ओलाव्यात बुडालेले. वडगाव म्हटले की इतिहास वाचलेल्या माणसाला जानेवारी १७७९ आठवतो, मराठ्यांनी इंग्रजांची फौज इथे कोंडून तिला तहावर सही करायला लावली तो. आणि जेवणावर प्रेम असलेल्या माणसाला इंद्रायणी तांदूळ आठवतो, कारण आंबेमोहोराच्या वंशातला हा वाण याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून शेतकऱ्यांच्या हाती आला. चिकट, सुवासिक, ताटात वाढताच वाफेबरोबर घर भरून टाकणारा. तांदळाचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. हर्षदाच्या पदकानंतर वर्तमानपत्रांतून तिच्या लहानपणीची एक गोष्ट छापून आली होती. बारा वर्षांच्या वयात तिने वडिलांसारखे पन्नास किलो तांदळाचे पोते पाठीवर घेतले, ती. ही गोष्ट आपण आत्ताच मांडलेल्या हिशेबाशेजारी ठेवून पाहू. बार आणि कॉलरी वजा केल्या, तर हेराक्लिओनच्या त्या बारावर उरतात पन्नास किलो. दोन लाल तबकड्या म्हणजे तांदळाचे एक पोते! बाराव्या वर्षी जे पाठीवर घेतले, तेच अठराव्या वर्षी डोक्याच्या वर, दोन्ही हातांवर, साऱ्या जगासमोर. मधल्या सहा वर्षांत वजन तेवढेच राहिले. त्याची जागा तेवढी पाठीवरून आभाळात गेली.

पण पोते उचलणे आणि बार उचलणे यांत जे अंतर आहे, तिथेच या खेळाचा सारा रस भरलेला आहे. आपल्या भाषेने हे अंतर फार बारकाईने टिपून ठेवले आहे. ओझे आपण वाहतो, जबाबदारी पेलतो, चेंडू झेलतो, काम झेपते की नाही ते पाहतो आणि शब्द तोलतो. वेटलिफ्टिंगला आपल्याकडे कुणी 'भारवहन' म्हटले नाही, म्हटले 'भारोत्तोलन'. भार आणि उत्तोलन. त्या 'उत्तोलना'च्या पोटात 'तुल्' धातू बसलेला आहे, तराजूची तुला ज्यातून आली तोच. तोलत तोलत वर नेणे. ज्या कुणी हा शब्द या खेळाला लावला, त्याने खेळ जवळून पाहिला असावा असे मला नेहमी वाटते, कारण या खेळात बळ हे केवळ भांडवल आहे, आणि कला आहे ती तोलाची.

स्नॅच हा प्रकार आपण सावकाश उलगडून पाहू. बार जमिनीवरून एका झेपेत, कुठेही न टेकवता, सरळ हातांनी डोक्याच्या वर न्यायचा. सगळे मिळून दोन-चार सेकंदांचा ऐवज. पापणी लवली तर अर्धा निसटतो. मुलगी बारापाशी येते. हातांना पांढरी पावडर चोळलेली असते. नाव पुकारल्यापासून तिच्यापाशी एक मिनिट असते, आणि त्या मिनिटातले बरेचसे ती बाराकडे नुसते पाहण्यात घालवू शकते. मग हात दोन्ही बाजूंना लांब पसरतात, जवळजवळ तबकड्यांपर्यंत, आणि अंगठा बाराला वेढून इतर बोटांच्या खाली जातो. ही अंगठ्याची गोष्ट फार नाजूक आहे. आपण काठी धरतो तेव्हा अंगठा बोटांवर येतो. इथे तो बोटांखाली चिरडून घ्यायचा असतो. पहिले काही महिने तो सुजतो, दुखतो, आणि मग एके दिवशी ती पकडच त्याची नैसर्गिक ठेवण होऊन जाते. जगातल्या कोणत्याही भारोत्तोलकाचा अंगठा या छोट्याशा यातनेतून गेलेला असतो.

बार जमीन सोडतो तो हळूच. अननुभवी माणसाला इथे हिसका अपेक्षित असतो. पण चांगला भारोत्तोलक बाराला झोपेतून उठवावे तसा उचलतो. गुडघ्यांवरून जाताना बार अंगाकडे ओढला जातो, मांड्यांना घासून जातो, आणि मग एका क्षणी घोटे, गुडघे आणि कंबर एकदम सुटतात, धनुष्याची दोरी सुटावी तसे. आपल्याला वाटते, बार आता वर जाणार. तो जातोही, पण किती? छातीच्या आसपास येतो आणि तिथे त्याचा वेग सरतो. सत्तर किलो पंचेचाळीस किलोंच्या देहाकडून याहून वर फेकले जात नाहीत. उरलेले अंतर बार कापत नाही, मुलगी कापते. ती खाली जाते. बार आपल्या उंचीच्या टोकाशी क्षणभर निर्भार तरंगतो आहे, आणि तेवढ्या पळात ती विजेच्या वेगाने त्याच्याखाली शिरून पूर्ण उकिडवी बसते. बार पडायला लागतो तोवर त्याच्याखाली दोन सरळ हातांची कमान उभी असते.

या क्षणावर मी जीव टाकतो. हा खेळ वर उचलण्याचा आहे असे आपण आयुष्यभर समजून चाललेलो असतो, आणि इथे कळते की यातले सर्वांत अवघड काम खाली जाण्याचे आहे. पडणाऱ्या भारापासून दूर पळावे ही देहाची उपजत बुद्धी. त्याच्याखाली स्वतःहून शिरावे, तेही बार अजून हातात पुरता स्थिरावला नसताना, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने देहाला पटवून द्यावे लागते. धाडस म्हणतात ते त्या एका दशांश सेकंदात असते. पुढचे उठून उभे राहणे मांड्यांचे काम. तेही थोर, पण सरळ. खोल बैठकीत बसलेली मुलगी, तिच्या डोक्यावर आडवी पोलादी रेघ, रेघेच्या टोकांना दोन लाल वर्तुळे, आणि हे सारे कापत डोक्यापासून टाचांपर्यंत उतरणारी एक अदृश्य ओळंब्याची दोरी. ही आकृती कागदावर काढली तर तिला तराजूच म्हणावे लागेल.

हेराक्लिओनला हर्षदाने सत्तरचा स्नॅच मारला आणि त्या प्रकारात ती पहिली आली. शहराचे नाव ज्याच्यावरून पडले, त्या हेराक्लीझची एक कथा ग्रीक पुराणात आहे. आकाश खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या ॲटलासने सोन्याची सफरचंदे आणून द्यावीत म्हणून त्याने ते तेवढा वेळ स्वतःच्या खांद्यावर घेतले. त्या नावाच्या गावात मावळच्या मुलीने हात वर करावेत, हा योग मला फार रमणीय वाटतो.

मला मात्र त्या आकृतीपाशी ग्रीस आठवत नाही, कार्ला आठवते. वडगावपासून लोणावळ्याकडे उलट निघालो, मळवलीला उतरलो, पायऱ्या चढून एकवीरेच्या देवळाशेजारच्या त्या चैत्यगृहात गेलो, की व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्ती भेटतात. त्यांच्या पाठीवर मजल्यांवर मजले चढलेले आहेत, सारी भिंतच जणू त्यांनी तोलून धरली आहे. आतल्या खांबांच्या माथ्यांवरही हत्ती आहेत, गुडघे मोडून बसलेले, वर स्वार. आणि छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे त्या खांबांच्या वर टिकून आहेत. पाहण्यासारखी गोष्ट अशी की या हत्तींच्या चेहऱ्यांवर कष्ट नाही. शिल्पकाराला आवेश दाखवायचा असता तर फुगलेल्या शिरा, ताणलेले पाय कोरता आले असते. त्याने भार दाखवला आणि चेहरा शांत ठेवला. खांबाला ठाऊक असते की वजन सरळ रेषेत खाली जमिनीत उतरत असेल, तर दगडाला थकवा नाही. बैठकीतल्या त्या मुलीचे मनगट, कोपर, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत येतात तेव्हा तिचा देहही तेवढ्यापुरता स्तंभ होतो. मावळच्या मातीत हे ज्ञान दगडात आधीपासून कोरलेले होते, आणि तिथल्याच एका मुलीच्या हाडांत ते पुन्हा उगवले, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

दुसरा अंक क्लीन अँड जर्कचा. इथे बार दोन टप्प्यांत जातो, आधी खांद्यांवर, मग डोक्यावर. म्हणून वजनही जास्त. हर्षदाने उचलले ८३ किलो. तेव्हा प्रत्येक टोकाला रंगांची माळ वाढते. लाल पंचवीस, तिच्या बाहेर पांढरी पाच, आणि अगदी कडेला दीड किलोची इवलीशी पिवळी. बार गळ्याखालच्या हाडांवर येऊन टेकतो, कोपरे पुढे उंचावतात, मुलगी बैठकीतून उठते आणि मग थांबते. स्नॅचमध्ये थांबायला जागाच नसते. इथे आहे, आणि म्हणूनच या प्रकाराला एक वेगळे नाट्य आहे. गळ्याशी जवळजवळ आपल्या दुप्पट भार घेऊन कुणी उभे आहे आणि श्वास घेते आहे.

तो श्वास आपण जरा निरखून पाहू, कारण श्वासाच्या बाबतीत लोणावळ्याचा शब्द प्रमाण मानावा लागतो. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम उभारले आणि योगातल्या श्वासक्रिया उपकरणे लावून मोजायला सुरुवात केली. नौली करताना पोटात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, एक पोकळी तयार होते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. भारोत्तोलकाचा श्वास याच्या नेमका उलट. तो पोटात भरून घ्यायचा, कोंडायचा, आणि दाब इतका वाढवायचा की पाठीच्या कण्याला पुढून हवेचा टेकू मिळावा. एकाच तालुक्यात, एकाच पोकळीचे हे दोन टोकांचे उपयोग. योगी पोट रिते करून हलका होतो, भारोत्तोलक पोट भरून खांब होतो. आणि दोघांनाही ठाऊक असते की देहाचा आतला अवकाश हा सुद्धा एक स्नायू आहे.

श्वास कोंडला, की गुडघे किंचित वाकतात, बार खांद्यांवरून सुटतो, आणि पुन्हा तेच. बार वर जाण्याची वाट न पाहता देह त्याच्याखाली शिरतो, या वेळी एक पाय पुढे, एक मागे. मग पुढचा पाय मागे, मागचा पुढे, दोन्ही पावले एका ओळीत. तीन पंच समोर बसलेले असतात. बार, देह आणि पावले जोवर निश्चल होत नाहीत तोवर खाली ठेवण्याचा इशारा येत नाही. उचलणे पुरेसे नाही, तिथे स्थिर होऊन दाखवावे लागते, हा नियम ज्यांनी केला त्यांची रसिकता मला वंदनीय वाटते.

तुर्कस्तानच्या बेक्ताशने या प्रकारात ८५ उचलले, हर्षदापेक्षा दोन किलो अधिक. पण स्नॅचमध्ये ती ६५वर थांबली होती. बेरीज झाली १५३ विरुद्ध १५०. मोल्दोव्हाची हिंकू १४९वर तिसरी. पाच किलोंची आघाडी, त्यातले दोन गेले, तीन उरले आणि सुवर्ण उरले. कनिष्ठ जागतिक स्पर्धेत भारताला याआधी मीराबाई चानूचे २०१३ मधले कांस्य आणि अचिंता शेउलीचे २०२१ मधले रौप्य मिळाले होते. सोने पहिल्यांदाच आले. मला या बेरजेतली न्यायबुद्धी आवडते. तिच्या त्या दिवशीच्या सुवर्णाचे मूळ त्या स्वच्छ, सुबक सत्तरमध्ये आहे. ज्या प्रकारात बळापेक्षा तोलाचा वाटा मोठा, तिथे तिने कमावले आणि दुसऱ्यात ते राखले.

अशा मुलीच्या मागे उभे असलेले घर पाहावेसे वाटणारच. वडील शरद गरुड स्वतः भारोत्तोलक होते. प्रशिक्षक बिहारीलाल दुबे वडगावातच मुलामुलींना हा खेळ शिकवत आले. वडिलांच्या हातून सुटलेला बार मुलीने धरावा, अशा गोष्टी आपल्या कुस्तीच्या तालमींत पिढ्यानपिढ्या घडत आल्या आहेत, पण बहुतेक बापाकडून मुलाकडे. इथे तो धागा मुलीकडे आला.

आणि इथे मला एका दूरच्या खेळाडूची आठवण येते, दक्षिण कोरियाच्या गोल्फपटू पाक से-रीची. तिलाही बापानेच घडवले. जुलै १९९८, अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमधले ब्लॅकवुल्फ रन मैदान, यूएस विमेन्स ओपन. पाक से-री वीस वर्षांची. तिच्या देशावर तेव्हा आर्थिक संकट कोसळलेले, घराघरांत टीव्हीसमोर माणसे जागी. प्ले-ऑफच्या अठराव्या होलवर चेंडू घसरून पाण्याच्या अगदी काठाशी अडकला. तिने बूट काढले, मोजे काढले, पाण्यात उतरली आणि चेंडू तिथून बाहेर काढला. पुढे दोन होल जास्तीचे खेळून ती जिंकली. पण लोकांच्या मनात तो फटका राहिला नाही, राहिली तिची पावले. उन्हाने पिंगट झालेल्या पोटऱ्या, आणि मोजे जिथे संपत त्या रेघेच्या खाली एकदम शुभ्र पाऊल. वर्षानुवर्षे उन्हात किती उभे राहिल्यावर ती रेघ उमटली असेल, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. ते दृश्य पाहून कोरियात गोल्फकडे वळलेल्या मुलींची एक पिढीच झाली. तिच्यातलीच इनबी पार्क २०१६ साली रिओला ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेली, आणि तेव्हा संघाची प्रशिक्षक पाक से-री होती.

भारोत्तोलकाच्या देहावर ही रेघ तळहातावर असते. बारावरच्या खडबडीत जाळीने बोटांच्या मुळाशी उठलेले घट्टे. मावळात भात लावणाऱ्या, झोडपणाऱ्या हातांनाही घट्टे असतात, आणि त्यांची जागा थोडी निराळी असते. जाणकाराला तळवा पाहून धंदा ओळखता येतो. पदक गळ्यात पडते तेव्हा सगळे गळ्याकडे पाहतात. आपण मात्र ते धरणाऱ्या हाताकडे पाहावे. भारोत्तोलक घट्टे वाढू देत नाहीत, घासून सपाट ठेवतात, नाहीतर भर स्पर्धेत ते फाटून रक्त येते. हातांची एवढी काळजी मी वाद्य वाजवणाऱ्यांतच पाहिली आहे.

पुढची वाट सोपी नव्हती, हेही इथे सांगायला हवे. ४५ किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नव्हता. टोकियो आणि पॅरिसला महिलांचा सर्वांत हलका गट ४९ किलोंचा होता, मीराबाईचा गट. म्हणजे देहाला वाढवायचे, तोल तोच ठेवायचा, आणि तराजूचे दुसरे पारडे मात्र कितीतरी जड करायचे. त्याच २०२२ च्या ऑक्टोबरात बहरीनच्या मनामात, प्रौढांच्या आशियाई स्पर्धेत, तिने १५२ किलोंसह कांस्य घेतले. पण मला रेंगाळायचे आहे ते त्याआधीच्या जुलैत, ताश्कंदला. कनिष्ठ आशियाई स्पर्धा, पुन्हा सुवर्ण, एकूण १५७. स्नॅच ६९, म्हणजे हेराक्लिओनपेक्षा एक किलो कमीच. आणि क्लीन अँड जर्क ८८! मे महिन्यात जिथे ती दोन किलोंनी मागे होती, त्याच प्रकारात अडीच महिन्यांत पाच किलोंची वाढ, पंचेचाळीस किलोंच्या देहाच्या जवळजवळ दुप्पट वजन. या खेळात एकेका किलोसाठी महिने जातात. पाच किलो म्हणजे किती पहाटा, किती बैठका, किती वेळा गळ्यापाशी कोंडलेला तो श्वास, याचा अंदाज आपण करू शकतो.

त्या ८८ च्या बाराकडे एकदा जवळून पाहू. कडेला दीड किलोची पिवळी, तिच्या आत अडीच किलोंची छोटी लाल, मग पांढरी पाच किलोंची. आणि सर्वांत आत, बाराच्या खांद्याला टेकून, त्याच दोन मोठ्या लाल तबकड्या, मिळून पन्नास किलो, तांदळाच्या एका पोत्याएवढ्या.